'गेलो होतो' आणि 'हॅड गॉन' : एका रूढ समीकरणाचे परीक्षण

१

परभाषेच्या व्याकरणातील जो भाग स्वभाषेशी जुळतो तो शिकविण्यास सोपा, आणि जो जुळत नाही तो कठीण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुष्कळ अंशी खरीही आहे. परंतु या दोहोंहून वेगळा असा एक तिसरा प्रकार संभवतो. दोन भाषांतील रूपे घडणीने तंतोतंत जुळतात, शालेय व्याकरणात त्यांना नावही एकच मिळालेले असते, आणि तरीही त्यांचे कार्य भिन्न असते. असे स्थळ शिक्षकाला सोपे वाटते, विद्यार्थ्यालाही सोपे वाटते, आणि म्हणूनच तेथे झालेली चूक वर्षानुवर्षे टिकून राहते. इंग्रजीचा 'पास्ट परफेक्ट' आणि मराठीचा पूर्ण भूतकाळ यांचे नाते नेमके या तिसऱ्या प्रकारचे आहे.

सिल्लोड हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील, जळगावकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण. आसपासच्या शिवना, गोळेगाव, भराडी, अजिंठा या गावांतील मुले बाजारासाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी येथे येतात. अशा एखाद्या मुलाला आदल्या दिवसाविषयी इंग्रजीत काही सांगावयास लावले, तर 'मी काल सिल्लोडला गेलो होतो' हे मनातील वाक्य 'आय हॅड गॉन टू सिल्लोड येस्टरडे' असे बाहेर पडते. वही तपासताना 'हॅड गॉन' या शब्दांवर तांबडी रेघ येते आणि वर 'वेंट' लिहिले जाते. मुलगा ती दुरुस्ती निमूटपणे उतरवून घेतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'हॅड गॉन' लिहितो.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, ही चूक कोणाची? रूढ उत्तर असे की विद्यार्थ्याचे नियम पाठ नाहीत. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. विद्यार्थ्याने नियम पाठ केला आहे, आणि तो प्रामाणिकपणे पाळला आहे. 'गेलो' म्हणजे 'वेंट', 'गेलो आहे' म्हणजे 'हॅव गॉन', 'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन' हे कोष्टक त्याला शाळेनेच दिले. त्याने मराठी वाक्य शुद्ध रचले, कोष्टकाप्रमाणे रूप शुद्ध बदलले, आणि उत्तर अशुद्ध आले. तेव्हा परीक्षण करावयाचे ते विद्यार्थ्याच्या स्मरणशक्तीचे नव्हे, तर त्या कोष्टकाचे.

२

हे कोष्टक कसे रूढ झाले, हे समजून घेतल्यावाचून त्याची चिकित्सा पुरी होणार नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या शतकात मराठीचे व्याकरण आणि इंग्रजीचे अध्यापन ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच वर्गात, एकाच पिढीकडून, आणि एकाच परिभाषेत चालली. काळ तीन, आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण व पूर्ण असे भेद, ही चौकट दोन्ही भाषांना लावण्यात आली. मराठीकरिता 'रीती' हा आणखी एक भेद मानला गेला. परंतु 'पूर्ण भूतकाळ' हे नाव मात्र 'गेला होता' या रूपालाही मिळाले आणि 'हॅड गॉन' या रूपालाही. नाव एक झाले की अर्थही एकच असावा, असे वाटू लागणे स्वाभाविक आहे.

या परंपरेतच भाषांतरपद्धती वाढली. तर्खडकर भाषांतर पाठमालेने मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले, आणि तिचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. नियम मातृभाषेतून समजावून द्यावा, लहान लहान वाक्ये द्यावीत, ती दोन्ही बाजूंनी भाषांतरित करून घ्यावीत, हा क्रम घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याला फार उपकारक होता. परंतु सुटे वाक्य हा या पद्धतीचा घटक आहे, आणि काळाचा अर्थ सुट्या वाक्यात पुरता उतरत नाही. 'तो गेला होता' या वाक्यासमोर 'ही हॅड गॉन' असे लिहिले, तर त्यात कोणालाही दोष काढता येणार नाही. दोष दिसतो तो त्या वाक्याला 'काल' हा शब्द जोडला म्हणजे.

मराठवाड्यात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठात अध्यापनाचे माध्यम उर्दू असून इंग्रजी हा आवश्यक विषय होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९६० पासून हा भाग महाराष्ट्रात आहे. सिल्लोडच्या वर्गात आजही मराठी आणि दखनी उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. एखाद्याला वाटेल की निदान या दोघांच्या चुका तरी वेगळ्या असतील. परंतु 'मैं कल गया था' या वाक्यातील 'था' आणि 'मी काल गेलो होतो' यातील 'होतो' यांचे वर्तन या बाबतीत सारखेच आहे. त्यामुळे दोघेही एकाच ठिकाणी अडखळतात, आणि सगळा वर्गच चुकत असल्याने ही चूक भाषेतून आलेली आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

३

आता मराठीतील 'गेलो होतो' या रूपाचे वास्तविक कार्य काय, हे पाहावयास हवे. रूढ व्याख्या अशी की, भूतकाळी एखादी क्रिया पूर्ण झाली होती असे सांगावयाचे असेल तेव्हा पूर्ण भूतकाळ योजावा. ही व्याख्या म्हणजे नावाचाच पुनरुच्चार आहे. 'मी काल गेलो' यातही क्रिया पूर्णच झालेली आहे. मग 'होतो' या शब्दाने नेमकी कोणती भर पडली?

पुढील तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत: 'तो सिल्लोडला गेला', 'तो सिल्लोडला गेला आहे', 'तो सिल्लोडला गेला होता'. दुसरे वाक्य ऐकणारा समजतो की तो मनुष्य अद्याप सिल्लोडला आहे. त्याला भेटावयाचे तर तेथे जावे लागेल. तिसरे वाक्य ऐकणारा समजतो की तो परत आला आहे. पहिले वाक्य याविषयी काहीच सांगत नाही. त्याचप्रमाणे 'मी दिवा लावला आहे' म्हणजे दिवा जळत आहे. 'मी दिवा लावला होता' म्हणजे आता तो जळत नाही, वाऱ्याने किंवा कोणाच्या हाताने विझला. यावरून असे दिसते की मराठीत 'आहे' आणि 'होता' यांमधील विरोध हा क्रियेचा परिणाम बोलण्याच्या क्षणापर्यंत पोचतो की नाही, यासंबंधीचा आहे. 'आहे' म्हटले की धागा जुळलेला. 'होता' म्हटले की धागा तुटलेला.

या मूळ अर्थातून या रूपाचे निरनिराळे उपयोग निघतात. पहिला, परिणाम संपल्याचा; त्याची उदाहरणे वर आलीच आहेत. दुसरा, घटना काळाने दूर असल्याचा: '१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याची लेणी पाहिली होती' हे वाक्य मराठीत अगदी सहज आहे, आणि त्यात दुसऱ्या कोणत्याही घटनेची अपेक्षा नाही. तिसरा, कथनाचा आरंभ करण्याचा: 'एकदा आम्ही अजिंठ्याला गेलो होतो' असे म्हणून सांगणारा पडदा उघडतो, आणि मग 'तेथे पाऊस आला, वाट बंद झाली' असा साध्या भूतकाळात पुढे जातो. चौथा, आठवण करून देण्याचा: 'मी तुला सांगितले होते ना?' पाचवा, भूतकाळातील एका घटनेपूर्वी दुसरी घडून गेल्याचा: 'आम्ही स्थानकावर पोचलो तेव्हा बस गेली होती.'

या पाच उपयोगांपैकी इंग्रजीच्या 'हॅड गॉन' या रूपाचे जे मुख्य कार्य, ते केवळ पाचव्याशी जुळते. उरलेल्या चारही ठिकाणी इंग्रजीला सामान्यतः साधा भूतकाळच अपेक्षित आहे. नकारातही हेच घडते. 'मी काल शाळेत गेलो नव्हतो' हे वाक्य 'आय हॅड नॉट गॉन' असे होते; व्हावयास हवे 'आय डिड नॉट गो'. म्हणजे कोष्टकातील समीकरण पाचांत एकदा खरे ठरते. आणि ज्या एका ठिकाणी ते खरे ठरते, तेच उदाहरण पाठ्यपुस्तकात सोयीचे म्हणून निवडले जाते.

बोलभाषेकडे पाहिले असता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. मराठवाड्याच्या बोलण्यात 'गेलो होतो' असे दोन शब्द सहसा ऐकू येत नाहीत. ऐकू येते ते 'गेलतो', 'आलता', 'सांगितलतं'. साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदात मिसळून गेले आहे. जे रूप नित्य वापराने असे झिजून एकजीव होते, ते बोलणाऱ्याच्या मनात दोन काळांच्या जोडणीचे रूप राहत नाही. 'गेलतो' म्हणणाऱ्या मुलाच्या मनात एकच घटना असते, आणि ती संपलेली असते. शाळा प्रथम त्याच्या 'गेलतो'चे 'गेलो होतो' करते, मग त्यातील 'होतो'कडे बोट दाखवून 'हॅड' लिहावयास सांगते. जी फोड त्याच्या मनात नव्हती, ती त्याला शाळेने शिकविली. आणि त्या फोडीमुळे तो चुकला.

४

इंग्रजीची बाजू समजावून घेण्यास हान्स रायखेनबाख याने १९४७ साली मांडलेली तीन बिंदूंची कल्पना उपयोगी पडते. कोणत्याही काळाच्या अर्थात तीन क्षण गुंतलेले असतात: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि जेथे उभे राहून घटनेकडे पाहावयाचे तो क्षण. 'वेंट' या रूपात घटनेचा क्षण आणि पाहण्याचा क्षण एकच असून दोन्ही बोलण्यापूर्वीचे आहेत. 'हॅव गॉन' या रूपात पाहण्याचा क्षण बोलण्याच्या क्षणाशी एकरूप आहे. घटना मागे, पाहणारा आताच्या जागी. 'हॅड गॉन' या रूपात मात्र तिन्ही क्षण वेगळे आहेत: बोलणारा आज येथे आहे, पाहण्याची जागा भूतकाळात आहे, आणि घटना त्या जागेच्याही मागे आहे. म्हणून 'हॅड' ऐकताच इंग्रजीभाषकाचे मन भूतकाळातील ती मधली जागा शोधू लागते. ती सापडली नाही, तर त्याला वाक्य अर्धवट राहिल्यासारखे वाटते.

येथून जो निष्कर्ष निघतो तो कोष्टकाच्या अगदी विरुद्ध आहे. घटना संपली, तिचा धागा आजपर्यंत आलेला नाही, हे मराठी 'गेलो होतो' या रूपाने सांगते. इंग्रजी तेच 'वेंट' या साध्या रूपाने सांगते. म्हणजे कार्याच्या दृष्टीने मराठीच्या पूर्ण भूतकाळाचा जोडीदार इंग्रजीचा साधा भूतकाळ हाच आहे. आणि मराठीचा साधा भूतकाळ? तो पुष्कळदा इंग्रजीच्या वर्तमानाकडे झुकतो. 'जेवलास का?' या प्रश्नाला ब्रिटिश इंग्रजी 'हॅव यू ईटन' असे म्हणेल, अमेरिकेतील बोलण्यात 'डिड यू ईट' हेही चालेल. 'समजले?' या शिक्षकाच्या प्रश्नाला मुले एकमुखाने 'समजले' म्हणतात. इंग्रजी तेथे 'आय अंडरस्टँड' असा वर्तमानकाळ योजते. 'भूक लागली' यासही 'आय अ‍ॅम हंग्री' हेच उत्तर. 'आलोच' म्हणणारा मनुष्य तर अद्याप जागचा हललेलाही नसतो.

'आहे'चे समीकरण त्या मानाने बरे उतरते. 'मी हे पुस्तक वाचले आहे' आणि 'आय हॅव रेड धिस बुक' यांत विशेष अंतर नाही. परंतु तेथेही एक खड्डा आहे. 'मामा काल आले आहेत' असे मराठीत बिनदिक्कत म्हणता येते. काल आले, आणि अजून घरात आहेत. इंग्रजीत 'हॅव कम' या रूपाशेजारी 'येस्टरडे' बसत नाही. पाहण्याचा क्षण आताचा असेल, तर गतक्षणाची तारीख तेथे खपत नाही. मराठी ही बंदी पाळत नाही. तिला धागा जुळलेला असला की पुरे.

५

ही अडचण केवळ मराठीची आहे काय, की इंग्रजी शिकणाऱ्या सर्वांची, याचा निर्णय तुलनेनेच होऊ शकतो. आणि तुलनेसाठी स्पॅनिश भाषकांचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. कारण मिशिगन विद्यापीठात १९४१ साली चार्ल्स फ्रीझ याच्या नेतृत्वाखाली जी इंग्रजी अध्यापनसंस्था निघाली, तिचे आरंभीचे विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतील होते, आणि पुढे तेथीलच रॉबर्ट लॅडो याने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन भाषांची व्यवस्थित तुलना करून अध्यापनाची आखणी करावी, हा विचार साधार मांडला.

स्पॅनिशमध्ये भूतकाळाची मुख्य विभागणी वेगळ्या रेषेवर आहे. 'फुई' म्हणजे गेलो, एकदा जाऊन संपले. 'इबा' म्हणजे जात होतो अथवा जात असे. इंग्रजीचे 'वेंट' या दोन्ही जागी उभे राहू शकते. म्हणून स्पॅनिश भाषकाला दोन पेट्यांतील माल एका पेटीत भरावा लागतो, आणि 'इबा'च्या जागी तो गरज नसता 'वॉज गोइंग' योजण्याचा संभव असतो. 'ए इदो' हे रूप 'हॅव गॉन' याचे जुळे दिसते. परंतु स्पेनच्या बऱ्याच भागात आज सकाळी घडून गेलेल्या गोष्टीसाठीही ते वापरतात, तर लॅटिन अमेरिकेच्या पुष्कळ भागात तेथे 'फुई' या प्रकारचे रूप येते. म्हणजे एकाच भाषेच्या दोन देशांतील विद्यार्थ्यांच्या चुकाही सारख्या असणार नाहीत.

आणि 'हॅड गॉन'? त्याचे स्पॅनिश रूप 'अबिया इदो' घडणीनेही जुळते आणि कार्यानेही बहुतांशी जुळते. भूतकाळातील एका क्षणापूर्वीची घटना ते सांगते. त्यामुळे जेथे सिल्लोडचा विद्यार्थी हमखास अडखळतो, तेथे स्पॅनिश भाषक सहज निभावून जातो. यावरून 'हॅड' हे रूप मुळातच अवघड आहे, असे म्हणता येत नाही. अवघडपणा इंग्रजीत नाही, मराठीतही नाही. तो या दोहोंच्या सांध्यात आहे. परदेशी बाजारपेठेसाठी लिहिलेले व्याकरण कितीही उत्तम असले, तरी ते या सांध्याविषयी मौन पाळणार, कारण त्याच्या लेखकापुढे मराठी विद्यार्थी नसतो. हे काम मराठी जाणणाऱ्यानेच करावयास हवे.

६

या विवेचनावर दोन बाजूंनी आक्षेप येण्याचा संभव आहे. पहिला आक्षेप असा की, मातृभाषा वर्गात आणल्यामुळेच हा घोटाळा होतो; तेव्हा मराठी वर्ज्य करून इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आल्यावर या मताला अधिक बळ मिळाले. परंतु शिक्षकाने मराठी उच्चारली नाही म्हणून विद्यार्थ्याच्या मनातील मराठी नाहीशी होत नाही. ज्याने तर्खडकरांचे नावही ऐकले नाही, तो मुलगाही 'हॅड गॉन येस्टरडे' म्हणतोच. कारण ही चूक लिखित भाषांतरातून येत नाही, मनातल्या मनात होणाऱ्या भाषांतरातून येते. भाषांतरपद्धतीने निदान मराठी वाक्य कागदावर आणले होते. त्यामुळे चुकीचे मूळ डोळ्यांसमोर राहत असे. नव्या पद्धतीत मूळ झाकले जाते आणि फळ तेवढे दिसते. जुन्या पद्धतीचा दोष मराठी वापरण्यात नव्हता. मराठीकडे पुरेसे बारकाईने न पाहण्यात होता.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. भारतात इंग्रजी लिहिणारे पुष्कळ लोक 'हॅड' असाच वापरतात. तर मग ही चूक न मानता भारतीय इंग्रजीची रीत का मानू नये? कोणत्याही भाषेचे प्रदेशपरत्वे रूपांतर होते, आणि केवळ लंडनची पसंती नाही म्हणून एखादा प्रयोग टाकाऊ ठरत नाही, हे तत्त्व मान्यच आहे. बोलण्यात 'आय हॅड गॉन येस्टरडे' कोणाचाही घात करीत नाही. परंतु काळाची रूपे केवळ शोभेसाठी नसतात. घटनांचा क्रम सांगणे हे त्यांचे काम आहे. रुग्णालयातील टिपण, अपघाताचा वृत्तांत, न्यायालयातील जबानी, विम्याचा अर्ज यांत हाच क्रम निर्णायक ठरतो. 'द डॉक्टर केम अ‍ॅट टेन. द पेशंट हॅड डाइड' याचा अर्थ डॉक्टर येण्यापूर्वीच रुग्ण दगावला. लिहिणाऱ्याला जर एवढेच म्हणावयाचे असेल की दहाला डॉक्टर आले आणि पुढे रुग्ण दगावला, तर त्या एका 'हॅड'ने घटनांचा क्रम उलटा झाला, आणि उपचाराचा सर्व प्रश्नच बदलला. लिहिणारा परिचारक सिल्लोडचा आणि वाचणारा अन्य देशीचा असेल, तर हा अर्थभेद पुढे कोणाच्या तरी अंगावर येणार. जो भेद करण्याची सोय भाषेत आहे, ती विद्यार्थ्याच्या हाती देणे हे शिक्षणाचे कर्तव्यच आहे. मग त्याने बोलताना कोणती रीत पाळावी, हे त्याने ठरवावे.

७

तर मग समजावून द्यावे कसे? येथे कोष्टक फेकून देऊन दुसरे तितकेच मोठे कोष्टक देण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला मराठी येते, आणि मराठीतच विचारता येतील असे दोन प्रश्न त्याच्या हाती दिले तर बहुतेक काम भागते.

पहिला प्रश्न: 'कशाच्या आधी?' मराठी वाक्यात 'होतो', 'होता', 'नव्हते' आले की लगेच 'हॅड' न लिहिता विद्यार्थ्याने हा प्रश्न स्वतःस विचारावा. 'मी काल सिल्लोडला गेलो होतो.' कशाच्या आधी? उत्तर नाही, म्हणून 'वेंट'. '१८१९ साली जॉन स्मिथने लेणी पाहिली होती.' कशाच्या आधी? उत्तर नाही, म्हणून 'सॉ'. 'आम्ही पोचलो तेव्हा बस गेली होती.' कशाच्या आधी? आमच्या पोचण्याच्या आधी. म्हणून 'हॅड गॉन'. 'तो म्हणाला की मी पैसे दिले होते.' कशाच्या आधी? म्हणण्याच्या आधी, म्हणून येथेही 'हॅड'. एकच बंधन पाळावे: उत्तरात येणारी घटना स्वतः भूतकाळातील असावी आणि ती वाक्यात किंवा मागच्यापुढच्या वाक्यात सांगितलेली असावी. 'आताच्या आधी' हे उत्तर चालणार नाही, कारण सगळाच भूतकाळ आताच्या आधी असतो.

दुसरा प्रश्न: 'केव्हा?' मराठी वाक्यात 'आहे' आले की हा प्रश्न विचारावा. वाक्यातच 'काल', 'गेल्या वर्षी', '१९५८ साली' असे ठरीव उत्तर असेल, तर 'हॅव' न योजता साधा भूतकाळ योजावा. 'मामा काल आले आहेत', म्हणून 'केम येस्टरडे'. ते अजून आहेत हे सांगावयाचे असेल तर ते वेगळ्या वाक्यात सांगावे. उत्तर नसेल तर 'हॅव' बहुधा बिनधोक आहे.

हे दोन प्रश्न सर्व अडचणींचे निरसन करतील, असा दावा करणे योग्य होणार नाही. 'मी गेलो असतो' यासारख्या संकेतार्थी वाक्यांत 'हॅड' वेगळ्या कारणाने येतो. तो प्रांत स्वतंत्रपणे शिकवावा लागेल. 'बिफोर' आणि 'आफ्टर' हे शब्द क्रम उघड सांगत असल्याने त्यांच्या सोबतीला इंग्रजी पुष्कळदा साध्या भूतकाळावरच भागवते. 'समजले', 'भूक लागली' यांसारख्या वाक्यांना तर या दोन प्रश्नांपैकी एकही लागू पडत नाही; त्यांची एक छोटी यादी निराळी करून द्यावी. परंतु नेहमी घडणाऱ्या चुकीचा मोठा वाटा पहिल्या प्रश्नानेच दूर होण्यासारखा आहे, आणि तो प्रश्न विचारण्यास इंग्रजीचे फारसे ज्ञान लागत नाही. मराठी वाक्य नीट वाचावे लागते, एवढेच.

या सर्व विवेचनातून निघणारे तात्पर्य सिल्लोडपुरते किंवा एका काळाच्या रूपापुरते मर्यादित नाही. खेड्यातील मुलाच्या इंग्रजीतील चूक ही अडाणीपणाची खूण मानून त्याला ओशाळे करण्याची सवय आपल्या शिक्षणव्यवस्थेत खोलवर रुजलेली आहे. परंतु 'हॅड गॉन येस्टरडे' लिहिणारा मुलगा गोंधळलेला नसतो; तो आपल्या भाषेचा एक सूक्ष्म नियम, त्याचे नावही माहीत नसताना, अचूक पाळीत असतो. त्याला सांगावयाचे आहे ते एवढेच की, तू सांगतोस ती तुटलेल्या धाग्याची गोष्ट इंग्रजीलाही सांगता येते. मात्र तिच्यासाठी इंग्रजीने निराळे रूप राखून ठेवले आहे. तांबडी रेघ त्याची चूक दाखविते. कारण दाखविण्याचे काम मराठीचे व्याकरण जाणणाऱ्या शिक्षकाचे आहे. त्या व्याकरणात 'पूर्ण भूतकाळ' या नावाखाली आजवर जे न तपासता ठेवले गेले, ते प्रथम तपासले पाहिजे. आणि इंग्रजीच्या तासाची तयारी मराठीच्या तासापासूनच सुरू झाली पाहिजे.